सुपारी फुटायच्या आत

नांदेडात साठी ओलांडलेली बाई सायकलवर दिसली की लोक दोनच गोष्टी विचारतात. गाडीला काय झालं, आणि पोरं बघत नाहीत का. मला गाडी नाही, पोरं नाहीत, आणि झालेलं काहीच नाही. मी वाघमारे बाई. शाळेत पीटी शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा गळ्यातली शिट्टी शाळेत परत द्यायची राहिली, ती वापरून आता लोकांना सायकलवरून नांदेड दाखवते आणि त्याचे पैसे घेते. पैसे घेते म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "नांदेडात बघायला काय हाय?" इथंच जन्मला, इथंच मरणार, आणि शहराबद्दल मत हे असं.

धंदा तसा साधा आहे. उजाडताच निघायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं, कारण नांदेडचं ऊन हे काही बघण्यासारखं स्थळ नाही. ज्याला सायकल चालवून कॉलेजपासूनचा काळ लोटलाय असा सगळ्यात कच्चा गडी माझ्या पाठीमागे ठेवायचा आणि सगळ्यात पक्का शेवटी. इथं प्रत्येकजण स्वतःला पक्का समजतो, त्यामुळे निघायच्या आधीच शेवटच्या जागेसाठी भांडण लागतं. मग मी शिट्टी वाजवते. नंतर ब्रेकचा धडा. उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा, तो एकटा करकचून दाबला तर सायकल मागं राहते आणि माणूस पुढं जातो. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी एकजण करून बघतो.

पाटीवर मी 'निवांत सायकल सहल' असं लिहिलंय. निवांत म्हणजे किती, तर चालवता चालवता शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य अर्ध्यात तुटलं तर समजायचं, वेग वाढला. माझा वेग कधी वाढत नाही, कारण निम्म्या चौकांत माझे जुने विद्यार्थी उभे असतात. ट्रॅफिकचा पोलीस माझा, मेडिकलवाला माझा, दोन चहावाले माझेच. ज्याला ज्याला मी उन्हात मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या, तो तो आता चहा पाजल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. हा आदर आहे की सूड, ते मला अजून कळलेलं नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. पुण्याचं एक जोडपं स्वतःच्या सायकली घेऊन आलं होतं. अंगाला चिकटलेले कपडे, डोळ्यांना रंगीत चष्मे. नवऱ्यानं विचारलं, इथं सायकल ट्रॅक कुठून सुरू होतो? मी म्हटलं, तुमच्या पुढच्या चाकापासून. इतवाऱ्यात एका म्हशीनं त्यांची वाट अडवली. ते बिचारे घंटी वाजवत उभे. म्हशीला घंटी ऐकू येते हो, पण पटत नाही. एकदा एक मोठे साहेब आले. त्यांच्या अंगरक्षकाला सायकल येत नव्हती आणि साहेबांना सोडून राहायची त्याला परवानगी नव्हती. शेवटी साहेबांनी त्याला कॅरिअरवर बसवलं आणि घामाघूम होऊन डबलसीट ओढत नेलं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, कोण कुणाचं रक्षण करून राहिलंय ते. आणि पंजाबातून दर्शनाला आलेले एक आजोबा तर माझ्याही पुढं निघून गेले, नदीच्या घाटावर पोचून माझी वाट बघत बसले आणि मला हिंदीत म्हणाले, बेटी, चालवतेस हळू, पण बोलतेस छान.

पण या धंद्यात माझं नाव झालं ते वेगळ्याच कारणानं. ते कारण म्हणजे लग्नं.

झालं असं की माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या लेकीचं पाहणं घेऊन माझ्याकडे आली. मुलगा बघायला येणार होता आणि लेक म्हणत होती, मी पोह्याचा ट्रे घेऊन कुणापुढं येणार नाही. आईनं तोड काढली, तुम्ही दोघांना सायकलवर फिरवून आणा. मी आणलं. लग्न जमलं. मग काय, उदगीर, भोकर, लातूर, कुठून कुठून फोन सुरू झाले. मलाही हळूहळू कळलं की यात खरंच काहीतरी आहे. बैठकीत समोरासमोर बसवलं की पोरगी फरशी बघते, पोरगा पंखा बघतो, आणि दोन्हीकडचे म्हातारे दोघांना बघतात. सायकलवर हात गुंतलेले, डोळे रस्त्यावर. तोंडाकडे तोंड नसलं की तोंड उघडतं. शिवाय माणूस कळतो. चढ आला की कोण मागं वळून बघतं, दुसऱ्याची चेन पडली की कोण थांबतं, रिक्षावाल्यानं कट मारला की कोण आईबहीण काढतं, हे सगळं बैठकीत कुठं दिसतं? तिथं सगळेच सद्गुणी असतात.

नियम एकच. वडीलधाऱ्यांनी हॉटेलात नाश्ता करत बसायचं, मागं यायचं नाही. हा नियम आजवर कुणीही पाळलेला नाही.

एकट्या अश्विनीच्या वडिलांनी पाळला, म्हणून त्यांची आठवण आधी सांगते. लातूरचा माणूस, निवृत्त कारकून, बोलणं मोजकं. लेक लातुरात खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. लातुरात क्लासमध्ये शिकवणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं कुठून कुठून तिथं येऊन खोल्या करून राहतात आणि शिकवणाऱ्याकडे देवासारखी बघतात. अश्विनी तिथं साध्या शंका सोडवण्यापासून सुरुवात करून वर आली होती आणि नव्या वर्गापासून अख्खा विषय तिच्याकडे येणार होता. आणि आता कंधारकडचं स्थळ आलं होतं. मुलगा सुमित, पुण्यात कंपनीत. घरदार चांगलं, जमीन चांगली, माणसं चांगली. फक्त मध्यस्थानं आधीच कानावर घातलं होतं की लग्नानंतर पोरगी पुण्याला जाईल, तिथं बघू काहीतरी.

वडील मला निघण्याआधी बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, ती हाव म्हणू दे का न्हाई म्हणू दे, मी मधे पडणार न्हाई. पण त्या पोराच्या तोंडून काय ते एकदा ऐकून घेऊ द्या तिला." एवढं बोलून ते पेपर उघडून हॉटेलात बसले ते बसले. मला तो माणूस तिथंच आवडला.

पोराकडच्यांनी मात्र रिक्षा ठरवून ठेवली होती. रिक्षात तिघं. सुमितचे वडील, टोपी घालून गप्प. आई, डोक्यावर पदर घेऊन गप्प. आणि आत्या. आत्या गप्प नव्हती. त्यांच्या पायाशी एक पिशवी होती आणि पिशवीत साडी, नारळ, पेढे, कुंकू आणि सुपारी. आमच्याकडे पसंती झाली की सुपारी फोडतात, मग मागं फिरता येत नाही. म्हणजे पोरगी सायकलवरून उतरून हाव म्हणाली की हॉटेलातच सुपारी फुटणार. न्हाई म्हणायचं तर त्याच्या आत. आत्या म्हणाली, पुन्हा पुन्हा कोण येतं एवढ्या लांब? कंधार ते नांदेड म्हणजे जणू काय विलायत.

मला बघून आत्याची जरा पंचाईत झाली. हेल्मेट घातल्यावर माणसाची जात दिसत नाही, त्यामुळे काही बायांना सुचत नाही कुठून बोलायला सुरुवात करावी. शेवटी तिनं विचारलंच, बाई, आडनाव काय तुमचं? मी सांगितलं. तिनं गावही विचारलं, मग गावात घर कोणत्या बाजूला, असंही विचारलं. मी म्हटलं, ज्या बाजूला तुम्ही विचारून राहिलात त्याच बाजूला. जय भीम. सुमितच्या आईनं पदराआड तोंड फिरवलं. मला वाटलं, हिलाही लागलं. मनात म्हटलं, वा, सासू आणि आत्या एकाच माळेचे मणी, पोरीचं काही खरं नाही.

रिक्षावाला सलीम. माझाच विद्यार्थी. हे सुरुवातीला मला बरं वाटलं आणि नंतर डोक्याला ताप झाला, कारण सलीमनं मनाशी ठरवून टाकलं होतं की बाईंच्या गिऱ्हाइकाची सेवा करायची तर अशी की बाईंनी नाव काढलं पाहिजे. आम्ही निघालो. पुढं मी, मागं अश्विनी आणि सुमित, आणि त्यांच्या मागच्या चाकाला जवळपास नाक लावून सलीमची रिक्षा, सायकलच्या वेगानं, फटफट करत. वरात निघाली म्हणायची, फक्त बँड तेवढा नव्हता. ती कसर आत्यानं भरून काढली. सुमित, टोपी सरळ कर. सुमित, डावीकडून घे. पोरी, स्वयंपाकात काय काय येतं? पोरी, देवाचं करतीस का? हे सगळं वजिराबादच्या भर रस्त्यावर, हॉर्नच्या आवाजावर आवाज चढवून. अश्विनी वळून उत्तर द्यायला गेली की मी शिट्टी वाजवायचे, कारण सायकलवर मागं वळून बघितलं की हँडलही तिकडंच जातं. हा धडा अश्विनीला लगेच कळला. सुमितला शेवटपर्यंत कळला नाही. तो दर थोड्या वेळानं मागं रिक्षाकडे बघायचा आणि सायकल तिरकी व्हायची. एकदा सरळ केळीच्या गाड्यात घुसला. गाडेवाल्यानं एक फणी हातात ठेवली आणि म्हणाला, आता घेऊनच जा. त्यानं घेतली, आणि रिक्षापर्यंत जाऊन आईकडे दिली.

पोरगा वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. नवा कोरा ट्रॅकसूट घालून आला होता, गुडघ्याशी किमतीचं लेबल तसंच होतं. अश्विनीच्या सायकलचं स्टँड लागेना तर चटकन उतरून लावून दिलं. कुणाशी उद्धट बोलला नाही. पण काही विचारलं की उत्तर देण्याआधी त्याची मान आपोआप मागं जायची.

किल्ल्यापाशी मी सगळ्यांना थांबवलं आणि माझं ठरलेलं भाषण दिलं. किल्ला, नदी, जुनं गाव. मला वाटलं, तटावर चढायचं म्हटलं की आत्या खाली थांबेल. आत्या आमच्या आधी वर. तिथून तिनं गोदावरीकडे बोट दाखवून अश्विनीला विचारलं, पोहायला येतं का? हे कशासाठी विचारलं, ते देव जाणे.

खाली उतरल्यावर मी अश्विनीच्या सायकलचं सीट उंच करून देत होते तेव्हा ती माझ्याजवळ वाकली. इतका वेळ हसतमुख होती. जवळून बघितलं तर डोळ्यांत पाणी उभं होतं.

"बाई, मला त्याला एकच विचारायचंय. नोकरी सोडू का नको, त्याचं म्हणणं काय हाय. त्याचं. सुपारी फुटायच्या आत मला तेवढं ऐकू द्या."

मी म्हटलं, सीटवर बस, आणि मी वळेन तिथं वळ. अहो, आयुष्यभर मी पोरांना शाळेच्या गेटातून आत ढकललंय. कुणाला गुपचूप बाहेर काढायची संधी पहिल्यांदाच मिळत होती.

गाडीपुऱ्यात काही बोळ असे आहेत की समोरून ओळखीचा माणूस आला तर गळाभेटच होते. मी पहिल्या बोळात घुसले, मागोमाग दोघं. रिक्षा तोंडाशीच अडकली. आत्याचा आवाज मागं मागं जात बंद झाला. मी खुशीत दुसऱ्या टोकाला बाहेर पडते तर समोर सलीम. रिक्षा उभी, स्वतः हसतोय. "बाई, फिकर करू नका, मला सगळे रस्ते ठाऊक हायत." मी पुन्हा एका बोळात शिरले. तो पुन्हा दुसऱ्या टोकाला. तिसऱ्यांदा मी थांबले, त्याला रिक्षामागं घेतलं आणि शाळेतल्यासारखा कान धरला. म्हटलं, मूर्खा, मी चुकून हरवत नाहीये. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. लगेच सीटवर जाऊन बसला आणि मागच्या तिघांना सांगितलं, गॅस संपून राहिला, भरून घेऊ. गॅसची रांग म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती.

आम्ही घाटाकडे आलो. सकाळची वेळ, नदीवर एकदोन माणसं, बाकी शांतता. मी दोघांना पुढं जाऊ दिलं आणि माझी सायकल उलटी करून बसले. चेन पडलेली नसताना चेन बसवण्यात मी वाकबगार आहे. दोघं दगडी कठड्याशी उभे राहिले. मला सगळं ऐकू येत होतं. ऐकायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

अश्विनीनं फार सरळ विचारलं. मला लातूरची नोकरी सोडायची नाही, निदान आत्ता तरी. सुट्टीत मी पुण्याला येईन, तुम्ही लातूरला या. पुढचं पुढं बघू. तुम्हाला चालेल का? तुम्हाला, असं तिनं दोनदा म्हटलं.

सुमितची मान मागं गेली. मागं रिक्षा नव्हती. माझं काम मी एवढं चोख केलं होतं की त्या पोराचा चेहराच उतरला. जत्रेत बोट सुटल्यासारखा तो इकडंतिकडं बघायला लागला. मग म्हणाला, "एक मिनिट हं, आई घाबरंल," आणि खिशातून मोबाइल काढून त्यानं आम्ही कुठं आहोत ते लोकेशन पाठवून दिलं. तेही एकट्या आईला नाही. घरच्या ग्रुपवर. लगेच देगलूरच्या कुणा काकांचा फोन आला, घाटावर काय करून राहिलात रे? मी हातातली चेन खाली टाकली. गाडीपुऱ्याचे तीन बोळ, गॅसची रांग, सलीमचा कान, सगळं पाण्यात.

अश्विनी थांबली होती. तिनं पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "माझं तसं काही म्हणणं न्हाई. आईला विचारून सांगतो."

रिक्षा आली. लोकेशन आल्यावर गॅसची रांग सोडून आली. आत्या उतरताच सुरू झाली, ही काय रीत झाली का, पोरीला घेऊन एकांतात, आणि या बाई वर तोंड करून सायकल उलटी करून बसल्यात. अश्विनीनं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि फक्त 'झालं' म्हणाली. मला आत्याचा नव्हे, त्या पोराचा संताप आला. हिच्या शिकवण्यानं गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला निघालीत, आणि हिच्या एका प्रश्नाला उत्तर मिळेना.

या सगळ्या गोंधळात सुमितची आई कधी उतरली, मला दिसलं नाही. ती अश्विनीच्या सायकलपाशी उभी होती. हँडलवर हात ठेवून. मी जवळ गेले तशी हळूच म्हणाली, "मी बसून बघू का? मला येती."

मी मान हलवली. तिनं पदर कमरेला खोचला, चप्पल काढून कठड्याशी जोडीनं ठेवली, एक पाय पेडलवर, दोन उड्या, आणि बसली. सायकल एकदा डुगडुगली आणि मग सरळ झाली. उतारावर लागताच तिनं पाय मोकळे सोडले. आत्या म्हणाली, अगं बया. सुमित "आई, पडशील" म्हणत मागं धावला, पण नवा ट्रॅकसूट पायात आला आणि तोच पडता पडता वाचला. ती घाटाच्या वळणापलीकडे गेली. आम्ही वाट बघितली. ती येईना. फोन लावला तर रिक्षातल्या पर्समध्ये वाजायला लागला. मग आत्या आणि सुमितचे वडील रिक्षात बसून तिला शोधायला गेले. सलीमनं जाता जाता मला डोळा मारला, आणि यावेळी त्याला कोणता रस्ता सापडणार नाही ते मला कळलं.

म्हणजे पुन्हा दोघंच राहिले, आणि मी. दुसरी संधी देव सहसा देत नाही. सुमितनं ती रस्त्याकडे बघण्यात घालवली. अश्विनीनं समजुतीनं विचारलं, काही म्हणणं नाही म्हणजे हो समजू की नाही? तो बिचारा मनापासून विचार करून म्हणाला, आईचं असलं तर हो. मी शिट्टी तोंडात धरली होती, ती वाजू नये म्हणून.

सुमितची आई परत आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. डोक्यावरचा पदर खांद्यावर, केस सुटलेले, तोंड लालबुंद, आणि हसतेय. तिच्या मागं रिक्षा, रिक्षातून आत्या गळा काढून थांब थांब म्हणतेय, आणि वडील टोपी हातात धरून बसलेत. ती उतरली, माझ्या बाटलीतलं पाणी गटागटा प्याली. आडनाव सांगितल्यावर जिचं तोंड फिरलं असं मला वाटलं होतं, तीच बाई माझ्या बाटलीला तोंड लावून पीत होती. मघाशी ती पदराआड हसली होती, हे मला तेव्हा कळलं. माणसं ओळखण्याचा मला फार गर्व होता. तो तिथं जरा कमी झाला.

मग तिनं अश्विनीला जवळ बोलावलं. काय विचारलंस गं याला? अश्विनीनं सांगितलं. आणि हा काय म्हणाला? अश्विनीनं तेही सांगितलं.

बाई लेकाकडे बघत राहिली. रागानं नव्हे. पोराला ताप आहे का बघताना आया बघतात, तशी. मग अश्विनीचा हात धरून म्हणाली, "न्हाई म्हण, पोरी."

आत्यानं तोंडाला पदर लावला.

"मला मास्तरकी लागली होती भोकरला. लग्न ठरलं तवा मी यांना विचारलं, करू का नोकरी? हे म्हणाले, आईला विचारून सांगतो. मी थांबले. सासूबाई वारून किती वर्सं झाली. हे अजून विचारूनच राहिलेत."

सुमितचे वडील टोपीच्या आतल्या बाजूला काहीतरी शोधत होते. त्यांनी मान वर केली नाही, आणि खोटं आहे असंही म्हणाले नाहीत. मला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला. अश्विनी रडत होती. पण तिनं मान सरळ ठेवून, अगदी वर्गात सांगावं तसं, स्पष्ट सांगितलं, "माझं न्हाई हाय." मग त्या बाईच्या पाया पडली. ती म्हणाली, पाया पडू नको, नोकरी सोडू नको.

पिशवीतली सुपारी अख्खीच कंधारला परत गेली. हॉटेलात अश्विनीच्या वडिलांनी पेपरावरून एकदा लेकीकडे बघितलं, घडी घातली आणि तिच्यासाठी चुरमुऱ्यांची गरम सुशीला मागवली. पण ते नंतरचं. घाटावरून निघताना आत्या आणि सुमितचे वडील रिक्षात बसले, आणि सुमितची आई काही बसेना. मी सायकलनंच येणार म्हणाली. अश्विनी आनंदानं माझ्या कॅरिअरवर बसायला तयार झाली. सुमित आईच्या सायकलच्या हँडलला धरून उभा होता. कान लाल, डोळे भरलेले. एवढा मोठा गडी, पण मला माझ्या वर्गातला पोर दिसला.

"आई, मग मी आता काय करू?"

तिनं त्याचा हात हँडलवरून हळूच काढला.

"ते मला विचारू नको," म्हणाली, आणि पेडल मारलं.